जांभळ्या पेटीचे दार

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे, मित्रांनो. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत, कोळशाच्या एका गावी, पोस्टाच्या कोपऱ्यावर मी उभी आहे. मला घडवले ते वर्तमानपत्रे विकण्यासाठी. नाणे टाकले की माझे दार उघडे. पाळीवर निघालेले खाणकामगार अंक घेत आणि जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारत. फार बरे वाटे.

पुढे खाण बंद पडली, पाठोपाठ वर्तमानपत्रही. माझ्या पोटात कोळ्यांनी जाळी विणली. तोवर गावात पाठदुखीच्या गोळ्या घरोघर पोचल्या होत्या. औषध म्हणून आलेल्या त्या गोळ्यांनी माणसांना कह्यात घेतले. त्या मिळेनाशा झाल्या तेव्हा लोक अधिक जहाल विषाकडे वळले आणि अंत्ययात्रा वाढल्या.

मग निवृत्त परिचारिका व्हर्ना कॉडिल यांनी मला घासूनपुसून जांभळा रंग दिला. नशेने श्वास थांबलेल्याच्या नाकात मारायचा फवारा त्या माझ्यात ठेवू लागल्या. कोणीही यावे, फुकट न्यावे. त्याच हिवाळ्यात बर्फ हटवणाऱ्या गाडीचा धक्का बसून माझे दार वाकले. तेव्हापासून डाव्या कोपऱ्याला गुडघा मारून ते वर उचलावे लागे. ही खुबी फक्त गरज पडलेल्यांनाच ठाऊक होती. कोण आले, हे मी कधी सांगितले नाही.

यंदा नगरसभेचे सदस्य ऑर्विल स्टिल्टनर यांनी नवा नियम मांडला: पेटी हटवावी, ठेवणाऱ्याला दंड करावा. पुरावा म्हणून मलाच हातगाडीवरून सभागृहात नेले. माझे हातपाय गळाले असते, असते तर!

"आपण व्यसनाला पायघड्या घालतोय," ऑर्विल गरजले. "कायदा कडक नसेल तर भिणार कोण?"

"भितात की रे, ऑर्विल!" व्हर्नाबाई म्हणाल्या. "पकडतील म्हणून पोरं पडलेल्या मित्राला टाकून पळतात. विकणाऱ्याला खुशाल डांब. पण मेलेल्या पोराला तुझा कायदा काय सुधारणार?"

"बघू तरी आत काय आहे," अध्यक्ष म्हणाले. कारकुनाने दार ओढले, हिसडले. दार ढिम्म हलेना. अध्यक्षांनीही जोर लावून पाहिला.

"सरका हो, एवढंसुद्धा जमत नाही!" ऑर्विल वैतागून पुढे आले. त्यांनी डाव्या कोपऱ्याला गुडघा मारला, दार वर उचलले. मी उघडले.

व्हर्नाबाई खुर्चीतून उठून त्यांच्याजवळ आल्या.

"कधी रे?" व्हर्नाबाईंनी हळूच विचारले.

ऑर्विल यांचा हात माझ्या दारावरच होता. "फेब्रुवारीत. रविवारी. सगळे चर्चमध्ये होते. आमची डेलिया न्हाणीत पडली होती."

"वाचली?"

"वाचली. पण पोलीस येतील म्हणून मी ॲम्ब्युलन्ससुद्धा बोलावली नाही, व्हर्ना. मी. तिचा बाप."

नियमाचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. मला त्यांचा राग आला नाही, कीवच आली.

मला परत कोपऱ्यावर आणले. शनिवारी ऑर्विल हातोडी घेऊन आले. डेलिया दार धरून उभी राहिली आणि त्यांनी माझी बिजागरी सरळ केली.

मित्रांनो, मी रिकामी दिसले तर मला भरा. आणि माझ्याकडे धावत येणाऱ्याला नाव विचारू नका. आता माझे दार कोणालाही उघडते.