नऊचा आकडा आणि अंकुरचं तोंड

बोरतळ्याच्या तलावाकाठी नगर परिषदेने मागच्या उन्हाळ्यात एक बोर्ड लावला. वर लिहिलेलं ‘अतिनील निर्देशांक’, खाली लाल आकडा. कधी सात, कधी दहा. बाजारात पारा चव्वेचाळीसवर आणि इथे दहा, म्हणजे बोर्ड बिघडलाय, यावर गावाचं एकमत झालं. तक्रार मात्र कुणी केली नाही. भर मे महिन्यात कुठेतरी दहा लिहिलेलं वाचून जिवाला बरं वाटायचं. गावातले म्हातारे विठ्ठलराव तर त्याच्यासमोर मफलर गुंडाळून बसत.

अंकुर त्या बोर्डावर टॉवेल वाळत घालायचा. तलावात त्याच्या तीन पायडल बोटी होत्या. तिन्ही हंस. एका हंसाची मान तुटली, तेव्हापासून तो कासव म्हणून चालायचा आणि लहान मुलांत जास्त चालायचा.

तर हा अंकुर एकोणतीस वर्षांचा, आणि रविवारी घाटंजीची मंडळी त्याला पाहायला येणार होती. याआधी चार मंडळींनी पोहे खाल्ले आणि नंतर फोन उचलला नाही. म्हणून भगवानमामांनी आठवडाभर आधीच बजावलं, “तोंड सांभाळ. उन्हात दिसला तं याद राख.” तेव्हापासून अंकुर घरात लोणच्याच्या बरणीसारखा सावलीला ठेवलेला होता.

ऊन ओळखण्यात मामांचा हात कुणी धरत नसे. रोज ते मोटारसायकलच्या सीटवर तळहात टेकवत आणि निकाल देत. शनिवारी आभाळात पातळ ढग होते. आर्णीहून कॉलेजची सहल तलावावर आली होती. मामांनी सीटवर हात ठेवला, डोळे मिटले.

“सीट थंडी हाय. ऊन मेलं आज. जाय बिनधास्त.”

अंकुर गेला. तरी बेसावध नव्हता. डोक्याला दुपट्टा, डोळ्यांना गॉगल, आणि लू लागू नये म्हणून खिशात कांदा. बोर्डावर नऊ होतं. त्यावर त्याने टॉवेल टाकला. चार तास तो हंसांच्या मागेपुढे फिरत राहिला. पाण्यावरून अशी गार झुळूक येत होती, की कांदा उगाच आणला असं वाटलं.

संध्याकाळी त्याने आरशासमोर गॉगल काढला, पण गॉगल गेला नाही. तोंड तांबडंकाळं झालेलं आणि डोळ्यांभोवती दोन पांढरी भिंगं. हनुवटीची खालची बाजूसुद्धा भाजली होती, जिथे त्याच्या आयुष्यात कधी ऊन पोचलं नव्हतं.

“मामा, हे काय झालं?”

मामांनी त्याची हनुवटी वर करून पाहिली. “कांदा कच्चा निघाला,” ते म्हणाले.

रविवारी मंडळी आली. मुलगी, दिपाली, आर्णीच्या शाळेत विज्ञान शिकवायची, रोज स्कूटीवर जायची-यायची. तिचे वडील अंकुरकडे पाहून पोह्यांकडे वळले ते वळलेच. अंकुरला तो वळण्याचा वेग ओळखीचा होता. पाचवा फोनही आता उचलला जाणार नव्हता. घाम पुसायला त्याने रुमाल ओढला, तर कालचा कांदा बाहेर पडला आणि घरंगळत दिपालीच्या पायाशी जाऊन थांबला.

दिपालीने कांदा उचलून टीपॉयवर ठेवला.

“काल तलावावर गेलते काय?”

वरातीचं आमंत्रण होतं, गॅस भडकला, अशी उत्तरं मामांनी पढवली होती. मामा डोळ्यांनी खुणावतही होते. पण अंकुर थकला होता.

“गेलतो. ढग होते. गारही होतं.”

“बोर्डवर किती होतं?”

“नऊ. मले वाटलं बिघडला हाय. त्यावर टॉवेल टाकला.”

“तो ताप मोजत नाही हो. जाळणारे किरण मोजते. ते दिसत नाहीत, गरमही लागत नाहीत. पातळ ढगातून येतात, पाण्यावर आपटून खालूनही येतात. आकडा आठवर पोचला, की दुपारी सावली सोडायची नाही. जावंच लागलं तं सगळं झाकून.”

“म्हणून हनुवटी!” अंकुर म्हणाला. चोवीस तासांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी कळलं होतं. त्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा उजळ होता. फक्त कानापासून कानापर्यंत, डोळ्यांवरून एक काळसर पट्टा गेला होता.

“मॅडम, मंग तुमचे डोये?”

दिपालीच्या आईने पदर तोंडाला लावला.

“स्कार्फ बांधते,” दिपाली म्हणाली. “गॉगल घेईन घेईन म्हणता तीन वर्षं झाली.”

“म्हणजे मले पांढरं ते तुम्हाले काळं.”

“अन् तुम्हाले काळं ते मले पांढरं.”

अंकुरने खिशातून गॉगल काढून कांद्याशेजारी ठेवला. तिने तो उचलला, घातला, आणि पट्टा नेमका झाकला गेला.

हे सगळं मामांच्या लक्षातच आलं नाही. बिघडलेली बोलणी सावरायला ते अंगणात जाऊन सीटवर हात टेकवून आले होते.

“ऊन मेलं हाय,” त्यांनी दारातूनच जाहीर केलं. “आपल्याकडे लग्न कसं, भर दुपारी साडेबाराचंच शोभते!”

“संध्याकाळी!” अंकुर आणि दिपाली एकदम ओरडले.

दिपालीच्या वडिलांचा चमचा हवेत थांबला. होकार झाल्याचं सगळ्यांना तेव्हाच कळलं.