व्हायोलाची ओळ

"भावोजी, गाणं एवढं वर कशाला चढवलंत हो? मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं वाटतंय." मेहुण्यानं व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

मास्तर चेलोची तार पुसत बसले. वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. नाद एकच. शेकडो वर्षांपूर्वी युरोपात चार गळ्यांनी मिळून गायलेली गाणी घ्यायची आणि घरच्या चौघांच्या तंतुवाद्यांसाठी लिहून काढायची. मेहुणा आणि त्याची मुलगी व्हायोलिनवर, मास्तर खर्जातल्या चेलोवर, बायको व्हायोलावर, म्हणजे व्हायोलिनहून थोड्या मोठ्या, खालच्या सुरांच्या वाद्यावर. त्या गाण्यांत साथीला कुणी नसतं, प्रत्येकाची आपली वेगळी चाल, आपली ओळ, आणि चारही ओळी सारख्या मानाच्या.

बायकोच्या डाव्या हाताची बोटं आखडत चालली होती. औषधं झाली, शेक झाले. शेवटी मास्तरांनी आपल्या हातातला उपाय धरला. तिच्या ओळीतले अवघड सूर ते गुपचूप भाचीच्या ओळीत सरकवू लागले. तिला उरत लांबलेले, संथ सूर. सगळं बिनबोभाट चाललं होतं.

या गाण्यानं मात्र त्यांना कोंडीत धरलं. तिची एक ओळ खाली खाली उतरत जाई, व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेच्याही खाली. तिथं भाचीचं काही चालणार नव्हतं, आणि चेलो आपल्याच ओळीत गुंतलेला. मग मास्तरांनी अख्खं गाणंच वर उचललं, म्हणजे ती ओळ भाचीच्या व्हायोलिनच्या आवाक्यात येईल. मेहुण्याचं व्हायोलिन किंचाळलं तर किंचाळू दे. ती या खुर्चीवरून उठली की सगळ्यातूनच उठेल, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती.

"ताईचं बरंय," मेहुणा म्हणाला, "एका सुरावर बसून पेन्शन खातेय."

भाची हसली. बायको हसली नाही. तिनं भाचीपुढचा कागद उचलून आपल्या कागदाशेजारी ठेवला आणि बराच वेळ वाचत राहिली.

"अहो, ही माझी ओळ ना?"

मेहुणा उगाचच चष्मा पुसू लागला.

"गाणं खाली आणा. आणि माझं मला द्या."

"नाही जमायचं गं तुला आता."

बोलून गेल्यावर मास्तरांना कळलं, हे तर डॉक्टरांनीही कधी तोंडावर म्हटलं नव्हतं. ती व्हायोला पेटीत ठेवून आत गेली.

मास्तरांनी गाणं खाली आणलं, तिचे सूर तिच्या कागदावर परत लिहिले. पुढच्या बैठकीला ती येईल असं त्यांना वाटत नव्हतं. ती आली, सगळ्यांच्या आधी.

ती ओळ आली. पहिले दोन सूर निघाले, तिसऱ्याला बोट वाकेना. तारेवरचा गज थांबला. बाकीचेही थांबू लागले, तशी तिनं मानेनंच खुणावलं, चालू द्या. तिघं वाजवत राहिले. मधोमध तिची जागा रिकामी, दात पडल्यासारखी. ते सूर चेलोवर घ्यावेत म्हणून मास्तरांचा हात शिवशिवला. त्यांनी तो आवरला.

तिचे ओठ मात्रा मोजत होते. ओळीचा शेवटचा सूर सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचा. त्याला बोट लागत नाही. ती वेळेवर आली, आणि गज संपेपर्यंत तो सूर तिनं सोडला नाही.