उरलेला वाटा

शेणव्याच्या वरच्या पाड्यावर आजही सगळ्यांनी मिळून मटण आणलं की, अगदी शहापूरच्या बाजारातली ब्रॉयलर कोंबडी असली तरी, वाटे घालताना एक वाटा जास्तीचा घालतात. तो डोहाकाठच्या सपाट दगडावर नेऊन ठेवतात. नवखे पाहुणे विचारतात, कोणत्या देवाचा हा? पाड्यावरची माणसं हसतात. देवाला कशाला लागतंय ब्रॉयलर! तो कुणाचा, हे कळायला तानसाचं धरण व्हायच्याही आधी जावं लागेल, भिमीच्या काळात.

पाड्यावरच्या शिकारीचे वाटे भिमी घालायची. जनावर उठवायला हाक्याला गेलेला, घरी आजारी पडलेला, रस्त्याने जाता जाता थांबलेला, इतकंच काय कुत्रासुद्धा तिच्या हातून उपाशी राहत नसे. डोकं मात्र ज्याचा पहिला तीर लागला त्याचं. त्या चैत्रात हाक्यात सापडलेला रानडुक्कर उभ्याउभ्याच गारठून मेलेला होता. केसांवर गोठलेलं पांढरं दहिवर, आणि अंगात एकही तीर नाही.

"पयला तीर कुनाचा?" भिमीने विचारलं. जो तो आपले तीर मोजू लागला. तेवढ्यात तिचा नवरा बुधू छाती पुढे काढून म्हणाला, "माझा. आरपार गेला, म्हून दिसत नाय."

नवऱ्याची थाप बायकोला कळली नाही, असं आजवर जगात झालेलं नाही. भिमीलाही कळली. पण चारचौघांत त्याची अब्रू काढायला तिची जीभ रेटेना. तिने मुकाट्याने डोकं त्याच्यापुढे ठेवलं, आणि या पठ्ठ्याने ते मोठ्या दिमाखात चुलीवरच्या धुरात टांगलं.

दुसऱ्या दिवशी बुधू डोहावर गेला तो परतेना. भिमी धावत गेली आणि काठावरच थबकली. भर चैत्राच्या उन्हात अख्खा डोह गारेसारखा घट्ट झाला होता. त्यात बुधू गुडघ्यापर्यंत रुतून उभा होता, ओठ जांभळे पडलेले. आणि त्याच्या शेजारी ते होतं.

बैलाएवढं असेल. पाय किती, ते नीट दिसतच नव्हतं. अंग आरपार स्वच्छ. ऊन एका बाजूने आत शिरत होतं आणि दुसऱ्या बाजूने सात रंग होऊन खडकावर सांडत होतं. डोळे नव्हते, तरी ते आपल्याकडे बघतंय हे भिमीला कळलं. खरं तर तिने घाबरायला हवं होतं, पण तिचे हात आपसूक जोडले गेले. एवढं सुंदर काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

मागोमाग पाड्यावरची माणसं तीरकमठे घेऊन आली. सापगावचा राघोही आपली ठासणीची बंदूक घेऊन आला. चार दिवसांपूर्वी त्याच्या गोठ्याशी असंच एक आलं होतं. त्याने गोळी घातली आणि त्याचं पाणी होऊन जमिनीत जिरलं. तेव्हापासून राघोचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"सरक, भिमे. याच्या जोडीदाराचं पानी केलं मी, याचंबी करतो."

"हे फुटलं तर त्याच्यासंगं माझा नवराबी फुटंल, राघोदादा!"

एवढ्यात बुधूच्या वाजणाऱ्या दातांतून शब्द आले, "भिमे... तीर माझा नव्हता गो."

"ठावं हाय मला," भिमी म्हणाली आणि राघोकडे वळली. "मी येस्तवर बार काढलास, तर या पाड्यावर तुला पानी नाय मिळायचं."

ती घरी पळाली. चुलीवरचं डोकं काढलं, धापा टाकत परत आली. पळसाची पानं अंथरून तिने ते डोकं त्याच्यापुढे ठेवलं. "शिकार तुझी. आमी खोटं बोललो. घे तुझं, आन् माझं मला दे."

ते वाकलं. त्याने हलकेच स्पर्श केला, तशी त्या डोक्याची कडकड करत शकलं झाली. आता हे खाणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्याने एक शकल उचलून भिमीच्या पुढ्यातल्या पानावर ठेवलं. एक माणसांमागून आलेल्या कुत्र्यापुढे. एक, तो खोटं बोलला होता तरी, बुधूपुढे. काठावरच्या एकेका माणसापुढे एकेक, आणि एक राघोपुढे, थेट बंदुकीच्या तोंडाखाली.

"वाटे घालतंय रे!" कुणीतरी पुटपुटलं.

भिमीच्या अंगावर सरसरून काटा आला. कुठल्या चांदण्यांपलीकडून हे आलं असेल, देव जाणे. पण तिथेही कुणीतरी पानं मांडून बसतं. कोण आलंय, कोण राहिलंय, बघतं. तिथेही कुणाला उपाशी ठेवत नाहीत! तिला रडूच फुटलं.

मग त्याने स्वतःपुढे एक वाटा ठेवला आणि शेवटचा उरलेला शेजारच्या सपाट दगडावर. तिथे कुणीच नव्हतं. हिशेब चुकला की काय, म्हणून भिमीने सगळ्यांवरून नजर फिरवली. चुकला नव्हता. स्वतःच्या वाट्याला हात न लावता ते सापगावच्या दिशेला तोंड करून थांबलं होतं.

भिमीने राघोकडे पाहिलं. राघोलाही कळलं होतं. त्याच्या बंदुकीचं तोंड हळूहळू खाली गेलं.

सावल्या लांबल्या तरी ते वाट बघत होतं. मग त्याने सापगावची दिशा सोडली आणि ते रानात चढून गेलं. कुणी पाठलाग केला नाही. डोह सैल झाला, माणसांनी बुधूला ओढून काढलं. पायाची दोन बोटं गेली, नवरा राहिला. भिमीने त्याला घट्ट धरलं, तेव्हा तिला त्या दगडावरच्या वाट्याकडे बघवेना.

"तुझा वाटा उचल, राघोदादा," ती शेवटी म्हणाली. "दिल्या वाट्याला नाय म्हनू नये."

"कोनत्या हातानं उचलू, भिमे?"

पुढच्या शिकारीला भिमीने कुणाला न विचारता एक वाटा जास्तीचा घातला. तो दगडावर कोण नेणार, म्हणून तिने मान वर केली, तर सापगावहून चालत आलेला राघो रिकाम्या हातांनी समोर उभा होता. तिने वाटा त्याच्या ओंजळीत ठेवला. जिवंत होता तोवर तो वाटा राघोनेच नेला.