वीस जानेवारीचं रीडिंग

हिवाळ्यापुरतं भारतात, पुण्याला निघायच्या दोन दिवस आधी गुरुनाथ काका सिद्धेशला आपली आरव्ही, म्हणजे प्रवासात राहायची मोटरहोम गाडी, दाखवायला घेऊन गेले. बॉथेलहून पाऊण तासावर, मनरोच्या पुढे, एका कुरणाला कुंपण घालून गाड्या ठेवायची जागा केलेली होती. हिवाळाभर चाळीसेक मोटरहोम तिथे अंगावर कव्हर ओढून पावसात उभ्या असायच्या. विजेची सोय नव्हती, म्हणूनच सिद्धेशची गरज होती.

काकांनी पायरीखालचं झाकण उघडून एकीला एक जोडलेल्या, तीन-तीन सेलच्या दोन बॅटऱ्या दाखवल्या. मुख्य बटण बंद केलं तरी गॅस गळतीचा अलार्म थेट बॅटरीला जोडलेला असतो आणि तो दिवसरात्र घोट घोट वीज पीत राहतो, असं त्यांनी समजावलं. म्हणून महिन्यातून एकदा यायचं. आधी हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता मोजायची, मग व्होल्टेज, मग जनरेटर लावून चार तास चार्जिंग. पाणी उतरलं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. आणि हे सगळं निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचं, नंतर तेच आकडे ईमेलने पुण्याला पाठवायचे.

सिद्धेशला हे शिकवायची खरं तर गरज नव्हती. तो रसायनशास्त्रात एमएस झालेला होता आणि वर्षभरापासून बॉथेलच्याच एका औषधाच्या प्रयोगशाळेत, गुणवत्ता तपासणीत काम करत होता. रिकामी झालेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा उठत नाही, हे त्यानेच काकांना समीकरणासकट सांगितलं. काका खूश झाले. ते स्वतः विमानांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं इन्स्पेक्टर होते. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, कागदावर आलं की बसतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. सिद्धेशच्या नोकरीसाठी त्यांनीच प्रयोगशाळेतल्या, ओळखीच्या विनीता मॅडमकडे शब्द टाकला होता, की हा मुलगा आकड्याशी खोटं बोलणार नाही.

त्या दिवशी, अठरा नोव्हेंबरला, त्याने सहाही सेल नीट मोजले. एक पॉइंट दोनशे पासष्ट, त्रेसष्ट, पासष्ट, चौसष्ट, पासष्ट, बासष्ट. तपमानाची दुरुस्तीसुद्धा केली. वहीतलं पहिलं पान देखणं झालं.

डिसेंबरचा शनिवार, सोळा तारीख, ठरला होता त्याच्या दोनच दिवस आधी वादळ आलं. झाडं पडली, अर्ध्या गावाची वीज गेली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. जाणं खरोखरच अवघड होतं, आणि तेवढंच त्याने पुण्याला कळवलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण रविवारी काकांचा ईमेल आला, ‘रीडिंग्ज?’ एवढाच एक शब्द. सिद्धेशने नोव्हेंबरचे आकडे समोर घेतले, थंडीत महिनाभरात घनता किती उतरेल याचा हिशेब केला, चार्ज केल्यावर किती चढेल तेही काढलं आणि सहा आकडे लिहून टाकले. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून तिसऱ्या दशांशात थोडं कमीजास्त केलं. हे खोटं आहे असं त्याला वाटलं नाही. हा अंदाज आहे आणि पुढच्या शनिवारी जाऊन आपण तो पडताळून पाहू, असं वाटलं. तो पुढचा शनिवार आलाच नाही. वीस जानेवारीला तो अंकुर आणि हिमानी या मित्रांबरोबर बर्फात खेळायला डोंगरावर गेला होता. त्या तारखेसमोरही वहीत सहा आकडे आणि बारा पॉइंट अडुसष्ट व्होल्ट आले. काकांनी उलट लिहिलं, ‘एक्सलंट. असंच काम हवं.’

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रत्ना काकू एकट्याच परत आल्या. काका भावाच्या ऑपरेशनसाठी महिनाभर मागे राहिले होते. काकू फोनवर म्हणाल्या, बाबा रे, आता तुझा त्रास संपला, मी आलेय, हे आले की बघतील गाडीचं. सिद्धेशने वही त्यांना नेऊन दिली आणि त्याला एकदम मोकळं वाटलं. त्या मोकळेपणाची पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

*

सतरा मार्चला काकांनी आरव्ही उघडली आणि दोन्ही बॅटऱ्या मेलेल्या निघाल्या. घरी आणून चार्जर लावला, रात्रभर ठेवला, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, नेहमीसारखं सिद्धेशला जेवायला बोलावलं होतं. ताटाशेजारी निळी वही होती.

काका चिडलेले नव्हते, ते तपासणीला बसले होते. वीस जानेवारीपर्यंत सगळं ठणठणीत, हे वही सांगत होती. मग वीस जानेवारी ते सतरा मार्च या काळात गाडीत कोण गेलं? एकच माणूस. दहा फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या आधीच्या शनिवारी, मराठी मंडळाच्या खिचडीसाठी मोठं पातेलं आणायला रत्ना काकू गेल्या होत्या.

काकूंनी वाढता वाढता सांगितलं की हो, गेले होते. आत काळोख होता, म्हणून मुख्य बटण दाबलं, दिव्याचं बटण दाबलं, पण दिवा लागलाच नाही. मग पर्समधला छोटा टॉर्च काढला, पातेलं घेतलं, दोन्ही बटणं पुन्हा बंद केली आणि आले. मला वाटलं, तुम्हीच काही काढून ठेवलंय.

आता गंमत अशी की ते मुख्य बटण दाबलं की परत मध्येच येऊन थांबतं. चालू आहे की बंद, ते त्यावरचा छोटा दिवा सांगतो, आणि बॅटरीच मेलेली असेल तर तो दिवा कुठून लागणार? त्यामुळे काकूंच्या बाजूने बोलणारं गाडीत काहीच उरलेलं नव्हतं.

काकांनी सिद्धेशपुढे कागद आणि पेन सरकवलं. अलार्म किती वीज खातो? शंभर मिलिॲम्पियर. वीस जानेवारी ते दहा फेब्रुवारी, एकवीस दिवस. सिद्धेशने गुणाकार केला, पन्नास ॲम्पियर-अवर. दोन बॅटऱ्यांची जोडी मिळून दोनशे वीसची.

“म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त शिल्लक,” काका म्हणाले. “मग दिवा लागायला हवा होता की नको?”

सिद्धेशच्या डोक्यात त्याच वेळी दुसरा गुणाकार चालला होता. अठरा नोव्हेंबर ते दहा फेब्रुवारी, चौऱ्याऐंशी दिवस. दोनशे दोन. दिवा लागणं शक्यच नव्हतं. काकू हातात आमटीची वाटी घेऊन त्याच्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. हा मुलगा शिकलेला आहे, हा काहीतरी खुलासा देईल, अशा विश्वासाने.

“लागायला हवा होता,” तो म्हणाला.

गुणाकार बरोबर होता. त्याने कागदाची घडी घातली आणि काकांना परत दिली. काकूंनी वाटी त्याच्या ताटाजवळ ठेवली आणि म्हणाल्या, मग मीच विसरले असेन बटण बंद करायला. त्या रविवारी आमटीला नेहमीचीच चव असणार, पण सिद्धेशला ती कळली नाही.

*

त्याने ठरवलं, आठवड्याभरात सांगून टाकू. प्रयोगशाळेत चुकीचा आकडा पडला तर काय करायचं हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, आकड्यावरून एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही, तारीख आणि कारण. तो हे रोज करत असे. सोमवारी विनीता मॅडमनी कोणाच्या तरी कामाचं कौतुक केलं तेव्हा त्याने मान खाली घातली. मंगळवारी त्याने काकांचा नंबर फिरवला आणि पहिल्या रिंगलाच ठेवून दिला. मग त्याने मनाची अशी समजूत घातली की शेवटी नुकसान दोन बॅटऱ्यांचंच आहे, आणि काका नव्या आणतच आहेत.

पुढच्या रविवारी काही कारण काढून त्याने जाणं टाळलं. त्याच्या पुढच्या रविवारी गेला तर दार उघडल्या उघडल्या शेगडीच्या वर चिकटवलेला कागद दिसला. काकांच्या सरळ, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, ‘गॅस बंद?’ मागच्या दारावर दुसरा, ‘कडी?’ काकूंच्या गाडीची किल्ली खुंटीवर नव्हती.

काका गॅरेजमध्ये नव्या बॅटऱ्यांच्या तारा साफ करत होते. काकू ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी सगळं हसत हसतच सांगितलं. ह्यांनी सावनीला फोनवर बॅटरीचं सांगितलं. सावनी म्हणजे त्यांची मुलगी, चँडलरला असते, एप्रिलअखेर तिचं बाळंतपण. आरव्ही घेऊन तिकडेच जायचं होतं आणि काकू पुढे चार महिने राहणार होत्या. आता सावनी म्हणते, आई, तू ये, पण बाळाच्या अंघोळीला मी एक बाई ठेवतेय, आणि तू त्याला घेऊन एकटी बाहेर पडू नकोस. ह्यांनी माझी स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरांची वेळही घेतलीय, येत्या मंगळवारची.

“कागदावर घड्याळ काढायला सांगतात म्हणे,” काकू म्हणाल्या. “अकरा वाजून दहा मिनिटं. मी सराव केलाय.”

टेबलावर जाहिरातींच्या पत्रांची चळत पडली होती. सिद्धेशने वरचा कागद उलटा केला. पाठीमागे पेन्सिलीने काढलेलं घड्याळ होतं. खालच्या कागदावरही, त्याच्या खालच्यावरही. सगळ्यांत अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवटच्या घड्याळांत आकड्यांच्या जागा पट्टीने आखून घेतलेल्या होत्या.

“माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं,” काकू तव्याकडे बघत म्हणाल्या. “शेवटी ती मलाच विचारायची, तुमचं माहेर कुठलं. तिलाही सुरुवातीला आपलंच खरं वाटायचं. म्हणून मी आता वाद घालत नाही. आणि खरं सांगू का? आता मला तो दिवा लागलेला आठवायला लागलाय. पिवळा उजेड, ओट्यावर ते पातेलं. डोळ्यांपुढे दिसतं.”

सिद्धेशने हातातला कागद खाली ठेवला.

“काकू, दिवा लागला नव्हता.”

“तुला काय माहीत? तू होतास का तिथे?”

“नव्हतो. जानेवारीत नव्हतो. डिसेंबरातही नव्हतो.”

तव्यावरची पोळी फुगली, बसली आणि करपायला लागली. काकूंनी गॅस बंद केला. मग त्या खुर्चीवर बसल्या, पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून. सिद्धेशला वाटत होतं की त्यांनी ओरडावं, हाकलून द्यावं. तो घाईघाईने सगळं सांगत सुटला, वादळ, ईमेल, हिशेब, डोंगर. सांगताना एकेक कारण त्याच्याच तोंडात चोथा होत गेलं.

“आणि आकडे?” काकूंनी विचारलं.

“नोव्हेंबरच्या आकड्यांवरून काढले.”

“छान काढलेस हो. अगदी खऱ्यासारखे.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. “त्या दिवशी मी वाटी घेऊन उभी होते. तेव्हा बोलायचं होतंस.”

तो माफी मागायला लागला तशी त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, ह्यांना तोंडी सांगू नकोस, तोंडी हे मानत नाहीत. मीसुद्धा तोंडीच सांगितलं होतं. फडताळात वही आहे, ती काढ.

त्याने वही काढली. सोळा डिसेंबरच्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, खालचे आकडे वाचता येतील अशी. वीस जानेवारीच्या ओळीवर दुसरी. दोन्हींसमोर लिहिलं, ‘मोजलं नाही. आकडे मनाने लिहिले.’ खाली सही केली आणि तारीख घातली, एक एप्रिल दोन हजार सात. तारीख लिहून झाल्यावर त्याला जाणवलं की आज कोणीही हे थट्टा म्हणून घेईल, म्हणून त्याने खाली आणखी एक ओळ वाढवली: ‘दहा फेब्रुवारीला दिवा लागणं शक्य नव्हतं.’ आणि चौऱ्याऐंशी दिवसांचा गुणाकार मांडला.

काका हात पुसत आत आले तेव्हा वही टेबलावर उघडी होती. त्यांनी उभ्यानेच वाचलं. चष्मा वर केला, पुन्हा वाचलं, गुणाकारावरून बोट फिरवून तो तपासला. सिद्धेश उठून उभा राहिला होता, पण काकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. विनीता मॅडमना दिलेला शब्द त्यांना आठवला असेल का, असं सिद्धेशच्या मनात आलं, आणि या घडीलाही आपल्याला आपलंच सुचतंय याची त्याला शरम वाटली.

काकांनी काकूंना विचारलं, “दिवा लागलाच नव्हता?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी.”

काकांनी वही मिटली. ते शेगडीपाशी गेले आणि तो कागद काढायला लागले. चिकटपट्टी घट्ट बसली होती, कागद मध्येच फाटला, ‘बंद’ तेवढं भिंतीवर राहिलं. ते नखाने खरवडत राहिले, पाठ वळवूनच. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या त्या माणसाची मान तांबडी झाली होती.

“मी सावनीला फोन करतो,” ते भिंतीकडे बघत म्हणाले.

“तुम्ही नको,” काकू म्हणाल्या. “तुम्ही सांगितलंत तर तिला वाटेल, आईला वाईट वाटू नये म्हणून बाबा बोलतायत. ज्याने मोजलं नाही त्याला सांगू दे.”

त्यांनी स्वतः नंबर लावला आणि फोन सिद्धेशच्या हातात दिला. फोनला पीठ लागलं होतं. तिकडे चँडलरला रिंग वाजत होती. सावनीला तो दोनदाच भेटला होता, मंडळाच्या गणपतीत. काका तेव्हा सगळ्यांना त्याची ओळख करून देत होते, हा आमचा सिद्धेश, आकड्यांचा पक्का. काकू त्याच्यासमोर हात बांधून उभ्या राहिल्या, फोन होईपर्यंत हलणार नाही अशा.

“सावनीताई, मी सिद्धेश बोलतोय, बॉथेलहून,” तो म्हणाला. “बॅटरीचं सांगायचंय. म्हणजे, काकूंचं.”