सारवलेलं कोर्ट

कारभारींनी सकाळपासून तिसऱ्यांदा कोर्टावरून खराटा फिरवला आणि मान वर केली. त्यांची लेक प्रियदर्शनी दोन बॅगा सांभाळत बांधावरून येत होती.

"डोळे मीट आधी," त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं.

"आबा, मी काय आता लहान हाये का?"

तरी तिनं मिटले. उघडले तेव्हा समोर खळं नव्हतं. तिथं सिमेंटचं गुळगुळीत टेनिस कोर्ट होतं, पांढऱ्याशुभ्र रेघांचं.

"देशोदेशी खेळून राह्यली माझी पोर, अन् सराव शेणावर? बराबर दिसतं का ते? अख्ख्या हसनाबादात असं कोर्ट न्हाई कुनाचं!"

याच शेतात त्यांनी खळं वाढवत वाढवत कोर्टाएवढं केलं होतं. दर शनिवारी बापलेक मिळून ते शेणानं सारवायचे. त्या जमिनीवर बॉल उसळायचा नाही, घोट्याशी सरपटत यायचा. म्हणून प्रियदर्शनी पार गुडघा टेकेपर्यंत वाकायला आणि बॉल खालून उचलून मारायला शिकली. त्या फटक्यानं तिला जालना जिल्ह्यातल्या या गावातून पुण्याच्या टेनिस अकादमीत नेलं आणि एकोणिसाव्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांत उतरवलं. जागतिक यादीत तिचं नाव चारशेच्या आत आलं तेव्हा कारभारींनी गावभर पेढे वाटले होते.

त्यानंतर मात्र ती ओळीनं चार स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरली. पाचव्यांदाही तसंच झालं तर अकादमीतली जागा जाणार होती. हे तिनं फोनवर सांगितलं होतं, दहा दिवस घरीच सराव करते हेही सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. आणि पोरीच्या बाबतीत कारभारी विचारत बसणारे नव्हेत, आधी करून मोकळे होणारे.

"लई भारी झालंय, आबा," ती म्हणाली.

कारभारी खूश होऊन जाळीपलीकडून बॉल देऊ लागले. बॉल टप्पा पडून छातीपर्यंत येत होता आणि ती तो उभ्या उभ्याच मारत होती. फटके जोरदार होते. विसाव्या बॉलला कारभारींचा हात थांबला. नऊ वर्षं त्यांनीच तिला बॉल दिले होते. आज तिचा गुडघा एकदाही वाकला नव्हता.

"तू खळ्यासाठी आल्ती ना?"

ती रॅकेटच्या तारा चाचपत राहिली.

"अकादमीतले सर म्हनले, तुझं वाकनंच गेलंय. मला वाटलं, खळ्यावर खेळलं की येईल परत."

"मंग बोलली का न्हाई?"

"तुम्ही इतक्या हौसेनं केलं..."

कारभारींना स्वतःचाच भयंकर राग आला. सिमेंट फोडून तशी जमीन पुन्हा बसायला दोन पावसाळे लागले असते, आणि हातात दिवस होते दहा. मग त्यांनी जाळी सोडून बाजूला टाकली, साठीतले गुडघे कसेबसे मुडपले आणि कोर्टावर मांडी घातली. बॉलची टोपली जवळ ओढून त्यांनी पहिला बॉल सिमेंटला घासत फेकला.

"उचल."

तो तिच्या रॅकेटखालून गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला ती खाली बसली, गुडघा खरवडत पुढं गेला आणि बॉल सणसणत कारभारींच्या डोक्यावरून बांधापार झाला.

ती उठली तेव्हा गुडघ्यातून रक्त येत होतं. शेणाच्या जमिनीनं नऊ वर्षांत असं कधी केलं नव्हतं. कारभारी उठायला लागले.

"बसा, आबा. द्या."

ते पुन्हा बसले. तिच्या गुडघ्याकडं न बघता त्यांनी पुढचा बॉल आणखी खालून दिला.