डोळ्यांवरचा हात

पोलंडमधल्या बियालिस्टोक शहरातल्या त्या पोलिश शाळेत रोज सकाळी प्रार्थना व्हायची. ख्रिस्ती मुली म्हणायच्या, ज्यू मुली गप्प उभ्या राहायच्या. मिंडलाला ते गप्प राहणं फार आवडायचं. उंच खिडकीतून ऊन यायचं, खडूची धूळ तरंगायची, आणि त्या आवाजांवर झुलत ती कुठल्या कुठे जायची. आपण मोठ्या झालोय, याच फळ्यापुढे उभ्या राहून शिकवतोय, असं तिला दिसायचं.

एकदा भांडी घासताना तीच प्रार्थना तिच्या ओठांवर आली. विणकर वडिलांचा हातमाग खाडकन थांबला.

“मिंडले! या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं!”

“सोडते हो ताते. पण मधेच अडकतं, त्याला मी काय करू?”

आई तोंड फिरवून हसली. वडील मात्र शब्बाथपर्यंत, आठवड्याच्या पवित्र दिवसापर्यंत, बोलले नाहीत.

मग जर्मन आले. शाळा सुटली ती कायमची. सगळ्या ज्यूंना कुंपणाआड कोंडलं, तापाने आई गेली, आणि माणसं आगगाडीत कोंबून नेऊ लागले. गेलेलं कुणी परतत नव्हतं. अशात बाहेरची एक पोलिश धोबीण मिंडलाच्या धाकट्या बहिणीला, राइझलला, भाची म्हणून सांभाळायला तयार झाली. पण पोरीला ती ख्रिस्ती प्रार्थना यायला हवी. शेजाऱ्यांना संशय आला, तर दोघींचाही जीव जाणार.

वडिलांनी मान खाली घालून विचारलं, “मिंडले, ते... अजून अडकलंय का गं?”

राइझल हुशार. शब्द तिने चटकन उचलले. पण प्रार्थना सुरू झाली की तिचा उजवा हात आपसूक डोळ्यांवर जाई. ‘ऐक, इस्राएल’ ही ज्यूंची प्रार्थना म्हणताना डोळे झाकायचे, हे वडिलांनीच तिला बोबडं बोलायच्या वयात शिकवलं होतं. मिंडला हात खाली करी, तो पुन्हा वर.

“डोळे न झाकता देवाशी कसं बोलायचं?” राइझलने विचारलं.

वडील जमिनीवर बसले आणि त्यांनी तो चिमुकला हात मुठीत धरला.

“म्हण. मी धरलाय.”

ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. वडिलांच्या दाढीतून पाणी ओघळत होतं, पण मूठ सैल झाली नाही.

धोबीण कुंपणाच्या फटीशी आली. “म्हणून दाखव बरं,” ती कुजबुजली. राइझलने दोन्ही हात जोडून, टक्क उघड्या डोळ्यांनी प्रार्थना म्हटली. कुठेही अडखळली नाही.

“आणि ही कोण गं?” धोबिणीने मिंडलाकडे बोट केलं.

राइझलने बहिणीकडे नीट पाहिलं.

“माहीत नाही.”

उत्तर बरोबर होतं. मिंडलानेच ते तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

“शाबास,” मिंडला म्हणाली. आणि तिने राइझलचा उजवा हात फटीतून धोबिणीच्या हातात दिला.