तिसऱ्या खटक्यावर

मित्रांनो, मी एका तीनचाकी गाडीचा जुना हातब्रेक आहे. गाडी मूळची मोटारसायकल. मालकांना कुबड्यांशिवाय उभं राहता येत नाही, म्हणून मिस्त्रींनी मागचं एक चाक काढून दोन बसवली आणि सीटच्या डावीकडे मला जागा दिली. मालक घड्याळं दुरुस्त करतात. दुकान चढावर आहे. ते उतरेपर्यंत आणि उतरल्यावरही गाडी धरून ठेवायची, एवढंच माझं काम.

सुरुवातीची वर्षं दांडा ओढला की मी पाचव्या खटक्यावर घट्ट बसायचो. "हा आहे म्हणून मला उतरायला कोणी लागत नाही," असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, तेव्हा धन्य वाटायचं.

पुढे चाकांना आतून घासून धरणारे लायनर झिजले. मी सातव्या, मग नवव्या खटक्यावर जाऊ लागलो. मला कोणी तपासलं नाही. मालकीणबाई चाकाखाली दगड लावू लागल्या आणि घराला त्याची सवय झाली. एका रविवारी त्यांचा भाऊ आला. त्याने पाना घेतला आणि माझ्या दांड्याजवळचा, चाकांकडे जाणारी केबल ताणणारा नट आवळत नेला.

"बघा दाजी, तिसऱ्या खटक्यावर घट्ट."

"मिस्त्रींना दाखवू या का एकदा?"

"एका नटासाठी मिस्त्री? उद्या बटण लावायला शिंप्याकडे जाल."

सगळे हसले. मिस्त्रींनी आधी चाकं उचलून लायनर पाहिले असते आणि केबलला सर्वांत शेवटी हात लावला असता. इथे फक्त केबल ताणली गेली. त्यामुळे दांडा खाली केला तरी मी पुरता सुटत नव्हतो. गाडी धावायची आणि उरलेसुरले लायनर आत घासत राहायचे. चार दिवसांत ते जळून काचेसारखे गुळगुळीत झाले. दांडा मात्र अजून तिसऱ्याच खटक्यावर अडत होता. दगड लावणं बंद झालं. मला ओरडून सांगायचं होतं. पण मला आवाज एकच, खटक्यांचा, आणि तोच खोटं बोलत होता.

पाचव्या दिवशी मागच्या सीटवर मालकांची आई होती. मालकांनी मला ओढलं, कुबड्या घेतल्या, ते उतरले. गाडी मागे सरकली.

"अरे, ही मला घेऊन कुठे निघाली?" आईंना गंमतच वाटली.

मी जीव खाऊन धरत होतो, पण पकडीत काही येत नव्हतं. खाली मोठा रस्ता होता. मालकांनी एक कुबडी मागच्या चाकाखाली सारली आणि ते कोसळले. कुबडी मोडली, गाडी अडली. आईंना खरचटलंही नाही. मालकांचं उजवं मनगट मोडलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं मनगट.

आता मिस्त्रींनी नवे लायनर घातले आहेत, चाकं मोकळी फिरवून पाहिली आहेत, मग मला पाचव्या खटक्यावर आणलं आहे. मालकांना मागे बसवून त्यांनी गाडी त्याच चढावर आणली, मला ओढलं आणि ती जोरात ढकलली. ती हलली नाही.

"उतरा आता," ते म्हणाले.

मालक प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसून राहिले. बराच वेळ झाला, अजून बसलेच आहेत.

मित्रांनो, मी त्यांना दोष देत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर नुसते खटके मोजू नका. चाकं उघडून पाहायला लावा. मला ओढा, पण उतरण्याआधी कोणाला तरी गाडी ढकलायला सांगा. माझ्यावर विश्वास नाही ठेवलात तरी चालेल.